दोन्ही हातांची बंदूक

खोली बघायला गेले त्या दिवशी काकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता, डिपॉझिटचा नव्हता, मी स्वयंपाकात लसूण घालते का याचाही नव्हता. दार उघडून, चष्मा कपाळावर सारून त्यांनी विचारलं, "डावरी आहेस का?"

"नाही," मी म्हटलं.

"हरकत नाही," असं म्हणून ते बाजूला झाले. "कोणी ना कोणी उजवं असावंच लागते."

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडीसाठी आल्यावर पहिलं वर्ष मी एका अपार्टमेंटमध्ये चौघींत काढलं होतं. तिथल्या भांड्यांच्या भांडणाला कंटाळून मी काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. खाली काका-काकू, वर मी. दोघंही मूळचे नागपूरचे. काका विद्यापीठातले मायक्रोस्कोप दुरुस्त करण्यात अख्खी नोकरी घालवून रिटायर झालेले. "जगात सज्जन यंत्र एकच," ते सांगायचे. "फोकसचं चाक दोन्ही बाजूंनी. डावा येवो, उजवा येवो, त्याला काही फरक पडत नाही. बाकी सगळी यंत्रं जातीयवादी."

लहानपणी शाळेत गुरुजींनी त्यांचा डावा हात सुतळीनं बाकाला बांधून ठेवला होता. मुंजीत भटजी ओरडले, पंगतीत आत्या ओरडली. ते सगळं काकांनी मनात नीट जपून ठेवलं होतं आणि अमेरिकेत स्वतःचं घर घेतल्यावर त्याचा वचपा काढला होता. त्या घरात फ्रिजचं दार उलट्या बाजूनं उघडायचं. दारांच्या कड्या, ड्रॉवरच्या मुठी, लाइटची बटणं, सगळं काकांनी हलवलेलं. नळाला जिथं गरम पाणी असायला हवं तिथं गार यायचं आणि गार हवं तिथं गरम, कारण "डाव्या हातानंच सारखं काहून पोळून घ्यायचं?" पहिला आठवडाभर मी रोज हात भाजून घेतला. काकूंनी मला बर्फ आणून दिला आणि म्हणाल्या, "सवय होते. मला झाली ना."

डावऱ्यांसाठी वेगळ्या कात्र्या मिळतात, असं मी एकदा बोलून गेले. पोह्यांचं पाकीट कापायचं होतं, बाकी काही नाही. काकांनी हातातला घास खाली ठेवला. "स्पेशल!" ते म्हणाले. "ते दुकानात एका कोपऱ्यात ठेवतात, स्पेशल म्हणून. मी काय पेशंट आहे? मला स्पेशल नको. मला अशी वस्तू पाहिजे की जिला माहीतच नाही मी कोणत्या हाताचा आहे." ते पाकीट शेवटी काकूंनी दातानं फाडलं.

काकांची दुसरी खोड म्हणजे, काहीही विकत घ्यायचं तर त्यांना साक्षीदार लागायचा. काकूंनी हे काम केव्हाच सोडून दिलं होतं, तेव्हा ते माझ्याकडे आलं. गादी घ्यायची होती तेव्हा दुकानात त्यांनी मला एकेका गादीवर आडवं केलं आणि स्वतः हाताची घडी घालून उशाशी उभे राहिले. "काय वाटून राहिलं? कंबर बोलते का?" दुकानातल्या बाईनं हळूच मला पाणी आणून दिलं. तिला वाटलं मी आजारी आहे आणि हे माझे डॉक्टर.

बंदुकीचं प्रकरण मात्र अंबाडीपासून सुरू झालं.

मागच्या अंगणात काकांनी अंबाडी लावली होती. बी कुठून मिळवलं ते ते सांगत नसत. विषय काढला की आवाज खाली यायचा. वऱ्हाडी माणसाला अंबाडीची भाजी आणि भाकरी दिली की तो बाकीचं जग विसरतो म्हणतात. काकांचं तर होतंच तसं. आमच्या भागात हरणं फार. पांढऱ्या शेपटीची, गुबगुबीत, कोणाला न भिणारी. सकाळी बस पकडायला निघावं तर बसस्टॉपवर माझ्याआधी उभी असायची. त्यांनी एका पहाटे अंबाडीचा वाफा जमिनीसपाट करून टाकला. शेजारच्या टोमॅटोला तोंडसुद्धा लावलं नाही.

"चव कळते त्यांना," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात संताप होता आणि थोडा अभिमानही.

मग उपाय सुरू झाले. कोणीतरी सांगितलं, साबणाच्या वड्या टांगा. काकांनी चंदनाच्या साबणाच्या वड्या टांगल्या; हरणांनी अंबाडी सुगंधात खाल्ली. कोणीतरी सांगितलं, माणसाचे केस टांगा. काकांना स्वतःला केस नव्हते. रोज सकाळी जिन्याखालून हाक यायची, "पोरी, विंचरलं का?" आणि मी कंगव्यातला गुंता घेऊन खाली जायची. तो काकूंच्या जुन्या मोज्यात भरून कुंपणाला लटकवला जायचा. कुंपणाकडे बघून पोस्टमननं पाकिटं दुरूनच फेकायला सुरुवात केली, पण हरणं येतच राहिली. शेवटी काकांनी अंगणात रेडिओ ठेवून नाट्यसंगीत लावलं. दुसऱ्या दिवशी एक मादी आणि तिचं पिल्लू वाफ्याशेजारी पाय दुमडून निवांत बसलेली सापडली.

"आता यांना फक्त तंबोरा द्यायचा राहिला," काकू म्हणाल्या.

शेजारी डेल म्हणून एक दाढीवाला गृहस्थ राहायचा. शाळेची बस चालवून रिटायर झालेला. काकांचं ठाम मत होतं की हा मूळचा डाळे. याचा कोणी तरी पूर्वज वर्ध्याहून निघाला आणि परत जायचं विसरला. ते त्याला तोंडावर "डाळेसाहेब" म्हणायचे आणि त्याला ते आपलं नावच नीट उच्चारत नाहीत असं वाटायचं. तो काकांना "डॉक" म्हणायचा. डेल दर वर्षी थँक्सगिव्हिंग झालं की डोंगरात हरणाच्या शिकारीला जायचा. आमच्या भागात शिकारीच्या पहिल्या दिवसाचं महत्त्व असं की निम्मं गाव, एकमेकांची गोळी लागू नये म्हणून नारंगी कपडे घालून, जंगलात असतं. त्यानं कुंपणावरून काकांचा उजाड वाफा बघितला आणि म्हणाला, "डॉक, या वर्षी माझ्याबरोबर चल."

काकांनी लगेच ठरवलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही तर अंडंसुद्धा केकमधलंच खाता. मेलेल्या हरणाचं करणार काय?"

"मी मारीन, डाळे खाईल. कामं वाटून घ्यायची."

"पण डेल जातो ते जंगल इथून तासाभरावर आहे. तिथल्या हरणांनी तुमची अंबाडी बघितली पण नाही."

"निरोप जाईल," काका म्हणाले.

शिकारीचं लायसन्स काढायला आधी एक कोर्स करावा लागतो. काका तो शाळकरी मुलांच्या शेजारी बसून करून आले, सगळ्यात जास्त प्रश्न विचारले आणि सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराशेजारी लावलं. काकूंनी ते काढून संडासाच्या दारामागे लावलं. त्यावरून त्या कोणत्या बाजूला आहेत ते घरात स्पष्ट झालं.

"ऐका," काकू म्हणाल्या. त्या सहसा आवाज चढवत नसत, म्हणून मी जिन्यावरच थांबले. "बंदूक घरात आली तर मी तुमच्याशी बोलणार नाही. आणि त्या बंदुकीनं मुकं जनावर मारून घरी आलात तर मी शॉमबर्गला जाईन, मुलीकडे. मग पेरा तुमची अंबाडी आणि खा."

त्या दोघांची मुलगी शिकागोजवळ शॉमबर्गला असते, नोकरी करते. काकांनी तिला फोन लावला, स्पीकरवर, तिचा पाठिंबा मिळवायला. ती म्हणाली, "बाबा, आर यू सीरियस? यू आर स्केअर्ड ऑफ द प्रेशर कुकर." काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "शनिवारी मोकळी आहेस का? साक्षीदार पाहिजे."

दुकान हायवेला लागून होतं. निम्म्या दुकानात मासेमारीचे गळ, निम्म्यात बंदुका आणि भिंतीवर हरणांची मुंडकी. काकांनी सगळ्या मुंडक्यांकडे आळीपाळीनं रोखून बघितलं. ओळख परेड असल्यासारखं. मी विद्यार्थी व्हिसावर. बंदूक हातात घेतली तर काय काय होऊ शकतं याबद्दल मी इतकं वाचून आले होते की दुकानात शिरल्यापासून दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून उभी होते. काउंटरमागच्या मिशीवाल्या गृहस्थांना मी जास्तच संशयास्पद वाटत असणार.

त्यांनी काकांच्या हातात एक रायफल दिली. काकांनी ती सरळ डाव्या खांद्याला लावली. त्या रायफलीला उजव्या बाजूला एक दांडी होती. प्रत्येक बार काढल्यावर ती मागे खेचून पुढे ढकलायची. काकांचा डावा हात बंदुकीवरून पलीकडे गेला, कोपर नाकासमोर आलं, चष्मा वाकडा झाला.

"ओह, लेफ्टी!" मिशीवाले म्हणाले. "प्रॉब्लेम नाही. लेफ्टींसाठी स्पेशल ऑर्डर करता येते."

मी डोळे मिटून घेतले. काकांनी रायफल काउंटरवर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. सुतळी, बाक, गुरुजी, मुंज, कात्री, सगळं इंग्रजीत. "इन माय थ्रेड सेरेमनी" इथपर्यंत आल्यावर पलीकडे गळ बघत असलेली दोन गिऱ्हाइकंही जवळ येऊन ऐकू लागली. मिशीवाल्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. काकांचं संपल्यावर त्यांनी खाली वाकून वेगळीच एक बंदूक काढली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळी नळी, आणि चापाभोवती खाली, अगदी मधोमध, एक लोखंडी कडी.

"ही लिव्हर," ते म्हणाले. "खाली ओढा, वर आणा. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. तुम्ही कोणत्या हाताचे आहात याची हिला काही पडलेली नाही."

काकांनी ती डाव्या खांद्याला लावली आणि कडी ओढली. खट्-खटाक्.

मी काकांना नंतर जावयाला पहिल्यांदा भेटताना बघितलंय, नातवाच्या जन्माची बातमी ऐकताना बघितलंय. असा चेहरा पुन्हा बघितला नाही. त्यांनी रायफल उजव्या खांद्याला लावली, खट्-खटाक्. परत डाव्या. मग हलकेच काउंटरवर ठेवली आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले. चष्म्याला काही झालं नव्हतं.

"हीच," ते मला मराठीत म्हणाले. "हिला माहीतच नाही बाप्पा."

बंदूक घेणाऱ्याची सरकारी तपासणी होते तिथल्या तिथे, फोनवर. मंजुरी आली तेव्हा काका खूश होऊन म्हणाले, "लायब्ररीचं कार्डसुद्धा एवढ्या लवकर नव्हतं मिळालं मला."

त्या दिवसापासून काकूंनी बोलणं बंद केलं. म्हणजे काकांशी. त्यांच्या वाट्याचं बोलणं माझ्यामार्फत व्हायला लागलं. मी वर थीसिस लिहीत असायची आणि खालून हाक यायची, "अगं, त्यांना सांग चहा झालाय." काका तिथंच, हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. मी खाली यायची, "काका, चहा झालाय" म्हणायची आणि वर जायची. काका म्हणायचे, "तिला सांग साखर कमी आहे." मी पुन्हा खाली. दसऱ्याला काकांनी रायफल कुलपाच्या कपाटातून काढून पूजेत मांडली. विळी, खुरपं, स्क्रूड्रायव्हर, माझा लॅपटॉप आणि रायफल. काकूंनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, रायफलीला तेवढं वगळलं. बाजूला असलेल्या स्टेपलरला मात्र वाहिलं. काकांनी मला निरोप दिला, "तिला सांग, हा अपमान आहे." मी म्हटलं, "काकू, हा अपमान आहे." काकू म्हणाल्या, "त्यांना सांग, हो."

जंगलात जायच्या आधी नेम नीट बसवायला डेल काकांना रेंजवर घेऊन गेला. नेमबाजीसाठी डोंगराच्या पायथ्याशी केलेलं मैदान. एका बाजूला टेबलं, समोर दूरवर कागदी निशाण्या, मागे मातीचा मोठा बांध. मी साक्षीदार म्हणून, हात खिशात, कानांवर ते मोठे हेडफोनसारखे कप. काका बसले. प्रत्येक बाराआधी ते "गणपती बाप्पा मोरया" म्हणायचे, "मोरया"ला चाप ओढायचे आणि त्याच वेळी दोन्ही डोळे मिटायचे. दणका असा बसायचा की टोपी मागे पडायची. मग काका टोपी घालायचे, खट्-खटाक् करायचे आणि हसायचे. गोळी सुटायची ते त्यांना मनापासून आवडायचं नाही. त्यानंतरचं ते कडी ओढणं आवडायचं.

सगळ्यांचे बार थांबल्यावर निशाण्या बघायला पुढे जातात. काकांच्या कागदावर एकही भोक नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा तरुण मात्र आपल्या कागदाकडे बघून डोकं खाजवत होता. त्यानं मारल्या होत्या त्यापेक्षा जास्त गोळ्या लागल्या होत्या.

"बघ," काका मला म्हणाले. "डोळे मिटून सगळ्या एकाच कागदावर."

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पहाटे डेलचा पिकअप दारात आला. काकू अजून बोलत नव्हत्या, पण त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "त्यांना सांग, थालीपीठं आहेत. आणि त्या डाळ्याला दोन जास्त घातलीत." मग त्यांनी आतून आपली बॅग आणली आणि दाराशेजारी ठेवली. बॅगेचं कुलूप लागलेलं होतं. शिकागोच्या फ्लाइटचं तिकीट मीच आदल्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून फोनवर काढून दिलं होतं. काकांनी बॅग बघितली. नारंगी जॅकेट, नारंगी टोपी, हातात डबा, असे ते क्षणभर दारात उभे राहिले. काहीतरी बोलतील असं वाटलं. मग डेलनं हॉर्न वाजवला.

तो दिवस मी काकूंबरोबर स्वयंपाकघरात काढला. आम्ही मटार सोलत होतो. काकू शेंग फोडायच्या आणि दाराकडे बघायच्या. "खरंच जाल?" मी विचारलं. "मी बोललेली गोष्ट करते," त्या म्हणाल्या, आणि नंतर बऱ्याच वेळानं, "पण तिथं करमत नाही गं मला. तिच्या घरात फ्रिज सरळ उघडतो."

जंगलात काय झालं ते मी बघितलेलं नाही. ते मला काकांनी सांगितलं आणि नंतर डेलनं सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं.

काका एका ओकच्या बुंध्याला टेकून, खाली सतरंजी घालून बसले होते. डेल थोडा मागे, दुसऱ्या झाडाशी. थंडी मरणाची. थर्मासमधला चहा संपला आणि समोरच्या उतारावरून एक नर खाली आला. मोठा, भरगच्च शिंगांचा. डेल म्हणाला, इतका चांगला नर त्यानं कित्येक वर्षांत बघितला नव्हता. तो येऊन आडवा उभा राहिला, फोटो काढायला सांगितल्यासारखा. काका हळूहळू उठले. रायफल डाव्या खांद्याला लावली. डेलनं श्वास रोखला.

खट्-खटाक्. खट्-खटाक्. खट्-खटाक्.

काका कडी ओढत राहिले, बंदूक रिकामी होईपर्यंत. मग रायफल खाली करून ते ओरडले, "लागली! डाळेसाहेब, लागली!"

हरीण तिथंच उभं होतं. त्यानं एक कान हलवला.

"डॉक," डेल म्हणाला, "वाजली कुठे?"

काकांनी खाली बघितलं. पायाशी पाचोळ्यात सगळी काडतुसं पडली होती. अख्खी, चकचकीत, न उडालेली. काकांनी चाप एकदाही ओढला नव्हता. हरणानं दोघांना नीट बघून घेतलं आणि चालत, घाई न करता, निघून गेलं. डेलला आपली बंदूक उचलायचं सुचलंच नाही. तो इतका हसत होता की त्याला झाडाला धरून उभं राहावं लागलं. काकांनी वाकून एकेक काडतूस उचललं, रुमालानं पुसून खिशात टाकलं, सतरंजी झटकली आणि डबा उघडला.

दुपारी पिकअप परत आला. काकू दारात उभ्या. बॅग त्यांच्या पायाशी. काका उतरले, पण त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता.

"हात दाखवा," काकू म्हणाल्या. इतक्या आठवड्यांनंतर त्यांचं काकांशी हे पहिलं बोलणं.

काकांनी दोन्ही हात पुढे केले. हाताला थालीपिठाचं तेल होतं. मग त्यांनी खिशातली काडतुसं काढून काकूंच्या ओंजळीत दिली आणि सगळं सांगितलं. काहीही न लपवता, सारवासारव न करता. "त्या कडीचा आवाजच असा आहे," ते म्हणाले, "की मला वाटलं झालं काम."

काकूंनी ओंजळीतली काडतुसं बघितली. त्यांचा एक खांदा हलला. मग दुसरा. मग त्या बॅगेवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी काकूंना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. डेललाही पुन्हा फुटलं, आणि शेवटी काकाही हसायला लागले. काकूंनी मला खूण केली, तिकीट कॅन्सल कर. मी फोन काढला.

त्यानंतर आठवडाभर काका ही गोष्ट भेटेल त्याला सांगत होते. दुसरा कोणी असता तर लपवली असती. काका प्रात्यक्षिकासकट सांगायचे. बर्फ उचलायचं फावडं खांद्याला लावून, तोंडानं खट्-खटाक् करत. बुधवारी पोस्टमनला सांगून झाल्यावर ते आत आले तेव्हा भाजी चिरत असलेल्या काकू मान वर न करता म्हणाल्या, "दस्ता असा हवेत कसा? आधी खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायचा. आणि श्वास अर्धा सोडून मग थांबायचं."

"फावडं आहे हे," काका म्हणाले.

"तरी."

रविवारी काका रेंजवर निघाले. मी मागे बसले होते. पुढचं दार उघडलं आणि काकू आत येऊन बसल्या. सलवार-कमीज, वर जाड जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. "चला," त्या म्हणाल्या. काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

रेंजवर डेल आधीच येऊन थांबला होता. काकूंनी आधी काकांना मारू दिलं. "मोरया" झालं, टोपी पडली, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "गोळी वर जाते की खाली?"

"ते कसं कळणार?" काका म्हणाले.

"उठा."

काका उठले. काकू बसल्या. बांगड्या मागे सारल्या, कानांवर कप नीट बसवले. रायफल उचलून उजव्या खांद्याला लावली, गाल लाकडाला टेकवला आणि दोन्ही कोपरं टेबलावर रोवली. त्यांची पाठ अशी काही स्थिर झाली की शेजारच्या टेबलावरचा माणूस आपलं काम थांबवून बघायला लागला. एक बार. त्यांनी डेलच्या दुर्बिणीतून निशाणी बघितली, त्याला नेमाचा स्क्रू जरासा फिरवायला सांगितला. मग खट्-खटाक्, बार. खट्-खटाक्, बार. ना घाई, ना टोपी, ना मोरया. बंदूक रिकामी झाल्यावर त्यांनी कडी उघडी ठेवली, रायफल टेबलावर ठेवली आणि हात पदरानं पुसायला गेल्या. पदर नव्हता म्हणून जॅकेटला पुसले.

सगळ्यांचे बार थांबले. काका कागद आणायला गेले. ते गेले चालत आणि परत आले धावत. कागद त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. मधल्या काळ्या वर्तुळात सगळी भोकं माझ्या मुठीत मावतील इतकी जवळ. एकेका टेबलापाशी थांबून, दाढीवाल्या, टोपीवाल्या, अनोळखी माणसांना तो दाखवत ते ओरडत होते, "माय वाइफ! धिस इज माय वाइफ!" माणसं टोप्या काढत होती. मी त्या दिवशी प्रथमच खिशातून हात काढले, टाळ्या वाजवायला.

"तू...?" काका काकूंसमोर येऊन उभे राहिले. 

"कॉलेजात छात्रसेनेत होते मी," काकू म्हणाल्या. "मुलींच्या रायफल टीमची कॅप्टन. सोलापूरच्या कॅम्पला पहिली आले होते."

"मला कधी सांगितलं नाही!"

"तुम्ही कधी विचारलं?"

काका गाडीकडे वळले.  कागद त्यांनी घडी न घालता मागे माझ्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरून ठेव म्हणून बजावलं. हायवेला लागल्यावर ते हळूच म्हणाले, "पोहता येते तुला?"

"येतं."

थोडं अंतर गेलं. "सायकल?"

"डबलसीट. भावाला घेऊन शाळेत जायची."

"पेटी?"

"दोन परीक्षा झाल्यात."

काकांनी वायपर चालू केला. पाऊस नव्हता, बर्फ नव्हता. त्यांनी तो बंद केला. मी मागे कागद दोन्ही हातांनी धरून बसले होते. काका नागपूरच्या एका बाईबरोबर अर्धं आयुष्य राहिले होते आणि आता तिची ओळख करून घेत होते, तासाला साठ मैलांच्या वेगानं.

"आणि... घोड्यावर?" त्यांनी विचारलं. "घोड्यावर तर नाही ना बसली कधी?"

काकू खिडकीबाहेर बघत होत्या.  फक्त ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसल्या.

आमची एक्झिट डोळ्यांसमोरून निघून गेली. काका सरळ गाडी चालवत राहिले.